लेह-पदुम: नकाशावरचे 100 किमी

एका लेखात लेह ते पदुम (लडाखमधल्या झांस्कर भागातलं मुख्य गाव) अंतर ‘सुमारे 100 किमी’ दिलंय. ते हवाई अंतर आहे हो, म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं! पदुमला नियमित विमानसेवा नाही, त्यामुळे तो आकडा गिधाडांच्याच उपयोगाचा. आम्ही गेलो तेव्हा कारगिलमार्गे जावं लागलं. लेह-कारगिल साधारण 215 किमी, पुढे सुरू खोऱ्यातून रंगदुम आणि सुमारे 4,400 मीटरवरची पेन्सी ला ही खिंड ओलांडून पदुम. सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास! कारगिलनंतरच्या रस्त्याने तर पाठीचा पार खुळखुळा केला. खिंडीपाशी चालक चहाचा थर्मास उघडून निवांत बसला, समोर द्रांग-द्रुंग हिमनदी. तिथे मात्र कुणी किलोमीटर मोजत नव्हतं.

आता निम्मू (लेहजवळ)-पदुम-दारचा (हिमाचल) हा 298 किमीचा रस्ता 2024 मध्ये जोडला गेलाय, त्याचा निम्मू-पदुम भाग झांस्कर नदीच्या कडेने जातो. त्यामुळे लेहहून कारगिलचा वळसा वाचतो. हिवाळ्यात याच गोठलेल्या नदीवरून लोक चालत लेहला यायचे. आपले ट्रेकर ‘चादर’ म्हणून जातात तीच वाट. तेव्हा लेखकाने आकड्यापुढे ‘हवाई’ एवढा एक शब्द टाकावा, नाहीतर कुणीतरी दुपारी निघून रात्री जेवायला पदुमला पोचायचा बेत आखेल.