येकिनी एका गोलाचा माणूस नव्हता

गोलच्या जाळीतून दोन्ही हात बाहेर काढून, आकाशाकडे बघत ओरडणारा धिप्पाड माणूस. हा फोटो फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला असतो. त्याच्याखाली जो मजकूर फिरतो तो मात्र मला सहन होत नाही. दावा असा: फोटोतला नायजेरियाचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणारा, रशिदी येकिनी हा एका गोलाचा माणूस, आणि तो गोलही आयता मिळालेला. नायजेरियाचा संघ घडवला दुसऱ्यांनी, युरोपात त्याला काही जमलं नाही, आणि शेवटी पैसे उधळून, वेडा होऊन मेला.

आधी त्या गोलाचंच बघू. २१ जून १९९४, डॅलसचं कॉटन बोल मैदान, नायजेरियाचा विश्वचषकातला पहिलावहिला सामना. एकविसाव्या मिनिटाला फिनिदी जॉर्जने उजवीकडून चेंडू गोलसमोर दिला आणि येकिनीने तो जवळून आत सारला. फटका सोपा होता, हे खरंच. पण बचावपटूच्या आधी त्या जागी पोचणं सोपं नव्हतं, आणि स्ट्रायकरचं कसब असतं ते तिथेच. गोव्यात धेंपो क्लबचा रँटी मार्टिन्स किंवा चर्चिल क्लबचा ओडाफा ओकोली, हे दोघेही नायजेरियनच, खेळताना ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय समोर बल्गेरिया होता. स्टोइचकोव्हसारखा मोठा खेळाडू असलेल्या याच संघाने पुढे जर्मनीला घरी पाठवलं आणि स्पर्धेत चौथा क्रमांक मिळवला. नायजेरियाने त्यांना ३-० असं हरवलं.

आणि त्या गोलनंतर जाळीत हात घालून तो रडला, तो का? कारण त्या क्षणामागे दहा वर्षं साचलेली होती. १९८४, १९८८ आणि १९९० अशा तीन आफ्रिका चषकांत नायजेरिया अंतिम सामन्यात हरला. तिन्ही वेळा येकिनी संघात होता. विश्वचषक तर दूरच. १९८९ च्या ऑगस्टमध्ये लागोसला अंगोलाविरुद्धच्या पात्रता सामन्यात नायजेरियाचा खेळाडू सॅम ओक्वाराजी मैदानावरच कोसळला आणि गेला. अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर कॅमेरूनकडून हरून नायजेरियाचं इटलीतल्या १९९० च्या विश्वचषकाचं तिकीटही हुकलं. हे सगळं पाहिलेल्या पिढीचा माणूस देशाचा विश्वचषकातला पहिला गोल करतो, तेव्हा तो काय हसून हात हलवणार?

‘संघ दुसऱ्यांनी घडवला’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ओकोचा, अमोकाची, अमुनिके, फिनिदी हे सगळे थोर खेळाडू, त्यात वाद नाही. १९९४ च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात झांबियाविरुद्धचे दोन्ही गोल अमुनिकेचे होते, हेही मान्य. पण त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल कुणाचे? येकिनीचे, पाच. त्याआधी १९९२ च्या स्पर्धेत? पुन्हा येकिनीचेच, चार. १९९३ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू तोच ठरला, आणि हा मान मिळवणारा तो पहिला नायजेरियन. देशासाठी त्याने ३७ गोल केले. कानू, याकुबू, ओबाफेमी मार्टिन्स असे एकाहून एक आघाडीवीर नंतर आले, पण त्यांच्यापैकी कुणालाही हा आकडा गाठता आला नाही.

युरोपाबद्दलच्या मजकुरात पोर्तुगालचं नावच नाही. व्हितोरिया सेतुबाल हा लिस्बनच्या दक्षिणेकडच्या बंदराच्या गावातला क्लब. बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग यांच्यापुढे लहानच. १९९२-९३ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत असताना येकिनीने ३४ गोल करून त्याला वर आणलं. पुढच्याच हंगामात पहिल्या श्रेणीत २१ गोल केले आणि अख्ख्या पोर्तुगालमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. पुढे ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोसला आणि स्पेनमध्ये स्पोर्टिंग खिखोनला त्याचं बस्तान बसलं नाही, हे खरं आहे. पण ऑलिंपियाकोसला गेला तेव्हा तो तिशी ओलांडलेला होता. त्याआधीची उमेदीची वर्षं नायजेरियातल्या इबादानच्या शूटिंग स्टार्स आणि अबिओला बेब्स या क्लबांत आणि आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजानच्या आफ्रिका स्पोर्ट्समध्ये गेली होती. त्या गोलांची मोजदाद युरोपात कोण करणार? आणि ज्याला १९९४ मध्येच संपला म्हणतात, तो २००५ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, नायजेरियातल्या गेटवे क्लबकडून पुन्हा मैदानात उतरला होता.

उरला शेवटचा आरोप, आणि तो लिहिताना मला राग आवरत नाही. निवृत्तीनंतर येकिनी इबादानमध्ये एकटा राहत होता. त्याच्या मानसिक आजाराच्या, नैराश्याच्या बातम्या नायजेरियन वृत्तपत्रांत येत होत्या. ४ मे २०१२ रोजी तो गेला, तेव्हा फक्त ४८ वर्षांचा होता. पैसे उधळल्याचा कसलाही आधार त्या मजकुरात दिलेला नाही, नुसतं ठोकून दिलं आहे. आणि ‘वेडा’ हा शब्द कशासाठी? गुडघा निकामी झालेल्या खेळाडूबद्दल आपण हळहळतो. मन आजारी पडलेल्या खेळाडूची मात्र त्या आजारावरून लायकी काढली जाते. त्याच्या आजाराने पोर्तुगालमधला एक गोल कमी होत नाही, की ट्युनिसमध्ये उंचावलेला १९९४ चा आफ्रिका चषक परत जात नाही.