‘५००० ची गाडी, ४३०० चा ट्रेलर, बिनधास्त घ्या’ – नका घेऊ, आधी हे वाचा

समर जवळ आला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर कॅम्पिंगचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेण्याबद्दलचा तो मेसेज परत फिरायला लागतो, या वर्षी मला तीन ठिकाणांहून आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तीन रांगांच्या एसयूव्हीचं टोइंग (मागे ओढायची क्षमता) ५००० पाउंड असतं, त्यामुळे ४३०० ड्राय वेटचा बंक बेडवाला ट्रेलर आरामात चालतो, वर ७०० पाउंड शिल्लक राहतात, गाडी मागून दबली तर वेट डिस्ट्रिब्युशन हिच (गाडी-ट्रेलरमधली भार वाटून देणारी जोडणी) लावा नाहीतर सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला भरा, आणि पहिलाच ट्रेलर मोठा घ्या म्हणजे दोनदा खर्च नको. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण दोन वर्षांपूर्वी आम्ही नेमक्या याच हिशोबावर सही करायला बसलो होतो, आणि त्यातला जवळपास प्रत्येक आकडा चुकीच्या जागी लावलेला आहे.

आधी ते ४३००. ड्राय वेट म्हणजे रिकामा ट्रेलर, आणि रिकामा ट्रेलर कोणी कॅम्पिंगला नेत नाही. डीलरने बसवलेली बॅटरी बहुतेक वेळा त्यात धरलेली नसते, म्हणजे ५०-५५ पाउंड गेले. प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या, ७५. पाणी एका गॅलनला ८.३४ पाउंड भरतं, ३० गॅलनची टाकी भरून निघालात तर २५० तिथेच संपले. मग गाद्या-पांघरुणं, भांडी, कुकर, खुर्च्या, मुलांच्या सायकली, होज, लेव्हलिंगचे ठोकळे, हे सगळं आम्ही घरच्या वजनकाट्यावर खरंच मोजलं, ४५० झालं. बेरीज ५१३०, म्हणजे शिल्लक ७०० तर सोडाच, आपण ५००० च्या वर निघालो आणि अजून गाडीत माणसं बसलेलीच नाहीत. म्हणून ट्रेलर बघताना ड्राय वेट नका बघू, जीव्हीडब्ल्यूआर बघा, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे: ‘५००० म्हणजे ५०००’. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं, १० ते १५ टक्के वजन पुढच्या दांड्यावरून, म्हणजे जिभेवरून, आपल्या गाडीच्या हिचवर येतं, त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते गाडीच्या पेलोडमधून जातं, म्हणजे माणसं आणि सामान ज्या खात्यातून जातं त्याच खात्यातून. आपल्या गाडीचा नेमका पेलोड जाहिरातीत सापडत नाही. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर लॅचच्या खाली टायर प्रेशरचं पिवळं-पांढरं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. डीलरच्या आवारात सेल्समन आत कागद आणायला गेला तेव्हा माझ्या मुलीने वाकून तो आकडा वाचून दाखवला, १३४०. मी तीन वर्षं त्या दारातून आत-बाहेर करत होतो आणि ते स्टिकर एकदाही वाचलं नव्हतं.

आता आमचा हिशोब. आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात इथे आलेली आई, मिळून ५६५. कूलर, बॅगा, खाण्याचं सामान १५०. ते वेट डिस्ट्रिब्युशन हिच स्वतःच लोखंडाचं असतं, ८० पाउंड. उरले ५४५. आणि ५१३० च्या ट्रेलरची जीभ १३ टक्क्यांनी धरली तरी ६६७. गाडी ओव्हरलोड, तेही घराबाहेर पडायच्या आधी.

त्याच्याही वर एक मर्यादा आहे. ५००० टोइंगवाल्या बऱ्याच एसयूव्हींना टंग वेटची मर्यादा ५०० दिलेली असते, मॅन्युअलमध्ये बघा. आता ५०० म्हणजे ५००० चे बरोबर १० टक्के, अगदी खालची पातळी, आणि ट्रॅव्हल ट्रेलर स्थिर चालायला १२-१३ टक्के तरी लागतात. ५०० ला साडेबारा टक्क्यांनी भागा, ४००० येतात. म्हणजे जिला आपण ५००० ची गाडी म्हणतो ती कुटुंबासकट ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला खरी ४००० ची गाडी आहे, आणि ते ४००० भरलेल्या ट्रेलरचे. काही मॅन्युअलमध्ये तर माणसं वाढली की ओढायची मर्यादा कमी होते असा तक्ताच दिलेला असतो.

आता ‘सामान मागे भरा म्हणजे जीभ हलकी होईल’. हे वाक्य मेसेजमधून कृपा करून काढून टाका, बाकीच्या चुकांनी गाडीचं नुकसान होईल पण याने जीव जाईल. आपल्यातल्या ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना उलाळ म्हणजे काय ते सांगायला नको. माझे आजोबा ऊस भरताना मोळ्या पुढे-मागे सरकवून जू हाताने उचलून बघायचे, ओझं मागे गेलं तर गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, आणि फार पुढे आलं तर बैलांची मान दबते. ट्रेलरचं अगदी तेच आहे, फरक एवढाच की बैलगाडी तिथल्या तिथे उलाळते आणि ट्रेलर ६० मैलांच्या स्पीडला शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी गाडीला घेऊन फिरतो. कधी असं झालंच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, गॅसवरून पाय काढा आणि ब्रेक कंट्रोलरवरून (गाडीत बसवलेलं ट्रेलरच्या ब्रेकचं बटण) हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच चांगली गोष्ट आहे, आम्हीही लावतो, मागची बाजू बसल्यामुळे पुढच्या चाकांवरून जो भार उठतो तो ती परत पुढे आणते, थोडा ट्रेलरच्या चाकांवरही ढकलते. पण दारावरचा आकडा त्याने वाढत नाही. शिवाय काही कंपन्या आपल्या गाडीला ती लावूच नका म्हणतात, आधी मॅन्युअल.

‘मी तीन वर्षं ओढतोय, काही झालं नाही’ असं त्या मेसेजखाली एका दादांनी लिहिलंय. दादा, तुम्ही कुठे ओढलात ते पण सांगा ना. सपाट रस्त्याला गाडी काही बोलत नाही. कोलोरॅडोत आय-७० हायवेने डेन्व्हरहून आयझेनहॉवर टनेलला चढा, ११,००० फुटांच्या वर, टर्बो नसलेलं इंजिन तिथे दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, आणि खरी परीक्षा चढाला नाही, पलीकडे उतरताना ब्रेकची असते. बहुतेक राज्यांत ३००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात १५०० च्या वरच. म्हणजे गाडीत ब्रेक कंट्रोलर आणि सात पिनचं कनेक्शन (ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकला वीज देणारं), त्याचा खर्च मेसेजमध्ये कुठेच नाही.

राहिलं ‘पहिलाच मोठा घ्या’. मोठा ट्रेलर घेतला की गाडी बदलावी लागते, आणि मग दोनदा नाही, तिप्पट खर्च होतो. पिकअप घेऊन सुटका होईल असंही नाही, महागातल्या ट्रिमला टोइंग भरपूर असतं पण सनरूफ आणि लेदरच्या वजनात पेलोड खाल्लेला असतो, तिथेही दार उघडून स्टिकरच वाचायचं.

आम्ही शेवटी १७ फुटी घेतला, जीव्हीडब्ल्यूआर ३९००. मुलं बंकवर, आई टेबल मोडून होणाऱ्या बेडवर, सकाळी चहाच्या आधी तो बेड परत टेबल करावा लागतो आणि पावसात पाच जणांना दाटीवाटी होते, हे खोटं कशाला सांगू. पाण्याची टाकी पाव भरूनच निघतो, बाकी कॅम्पग्राउंडवर भरतो. पहिल्या ट्रिपला ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर (ट्रकांच्या मोठ्या वजनकाट्यावर) सगळ्यांना गाडीत बसवून वजन केलं, एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून. ट्रेलर ३६४०, जीभ ४६०. ती स्लिप अजून ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे, कोणाला गाडीचा आणि घरच्यांचा हिशोब लावून हवा असेल तर दारावरच्या स्टिकरचा फोटो पाठवा, मी बसून करून देतो.