डॉल्फिन बघायला निघालात? स्पीकर घेतला का?

दिवाळीची सुट्टी लागली की निम्मं कोल्हापूर गगनबावड्याचा घाट उतरून मालवणात पोचतं. परवा देवबागला डॉल्फिन बघायच्या बोटीत आमच्या पुढ्यात आपल्याच गावची पोरं बसली होती. (कुठली, हे विचारावं लागलं नाही. बोट हलली तशी 'काटा किर्रर्र' अशी आरोळी उठली.) त्यांच्याकडून जे शिकायला मिळालं, ते पुढच्या मंडळींच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

आधी स्पीकर. तो बोटीच्या छपराच्या पाइपाला करकचून बांधायचा आणि तोंड पाण्याकडे करायचं. विसर्जनाला डॉल्बीसमोर रात्र काढलेल्या माणसानं समुद्राची गाज ऐकायची म्हणजे अपमानच की.

लाइफ जॅकेट फोटोपुरतं.

एक वाईट बातमी मात्र आहे. तुमचं गाणं डॉल्फिनपर्यंत फारसं पोचत नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक वरच्या वर परत फिरतो, त्यामुळं त्याचा लाभ बोटीतल्या म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या पोरांनाच होतो. पण नाराज होऊ नका, भावांनो. खालचं काम करायला इंजिन आहे. पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होतात आणि फटाफट फुटतात, खरा कल्ला तो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. तेव्हा बोटवाल्याला एवढंच म्हणायचं, "मामा, पळवा!"

नियमांची काळजी नको. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे चार रकाने आहेत. समुद्राला रकानाच नाही. निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती आपण गावात किती पाळतो ते महाद्वार रोडवर राहणाऱ्याला विचारा.

डॉल्फिन दिसला की थेट अंगावर जायचं. आम्हाला दिसला तो किनाऱ्यालगतचा, पाठीवर कुबड असलेला करडा डॉल्फिन. त्याला चिकटून एक पिल्लू. पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला, आणि चारी बाजूंच्या बोटी एकदम वळल्या. "मामा, शंभर जादा घ्या, पण जवळ न्या!" मामांनी नेली. कर्ली नदी तिथंच समुद्राला मिळते, पाणी गढूळ. त्या पाण्यात त्या जिवाला कानानंच दिसतं. तो टकटक आवाज सोडतो, माशावर आपटून आलेला पडसाद खालच्या जबड्यातून आतल्या कानापर्यंत घेतो, तेव्हा कुठं त्याच्या तोंडी घास लागतो. आई आणि पिल्लू शिट्ट्या घालून एकमेकांना धरून राहतात. त्यावर तुम्ही सगळ्या बोटींची इंजिनं पिळता. आई एकीकडं बुडाली, पिल्लू दुसरीकडं वर आलं, आणि बोटीत टाळ्या! टाळ्या कसल्या वाजवता? आणि हे डॉल्फिनपुरतं नाही. ढोम्यासारखे मासे हवेच्या पिशवीभोवतीचे स्नायू थरथरवून मादीला हाका मारतात. प्रवाळावर वाढणाऱ्या माशांची कितीतरी पिल्लं खडकावरच्या कोळंब्यांची कटकट ऐकून वस्तीची जागा शोधतात. मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं ते ह्या सगळ्यासाठी, तुमच्या जेट स्कीसाठी नाही.

दाजीपूरला गव्याच्या कळपात अशी जीप घालाल का? नाही घालणार, कारण गव्याची शिंगं दिसतात. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये गवाही आहे आणि डॉल्फिनही. एकाला भिता, दुसऱ्याच्या उरावर बसता.

बास झालं आता. लाज वाटायला पाहिजे आपल्याला. बोटवाला म्हणतो गिऱ्हाईकच मागतं, आणि खरंच बोलतो. ती शंभराची नोट तुमच्या खिशातनं निघते. "लांबच थांबवा, इंजिन न्यूट्रलला टाका" एवढं सांगायला जीभ झडत नाही. पिल्लू बरोबर असेल तर मुकाट्यानं मागं फिरा. आणि डॉल्फिन नाही दिसला तर नाही दिसला, किनाऱ्यावर येऊन पैसे परत द्या म्हणून बोंबलत बसू नका.