मोठं कुटुंब, मोठं पातेलं आणि ‘निम्म्या खर्चा’चा मेसेज

आमच्या घरात दोन्ही वेळा नऊ माणसं जेवतात, हे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे एक मेसेज मला आतापर्यंत चार वेगवेगळ्या जणांनी पाठवलाय. ‘घरात आठ माणसं असोत नाहीतर दहा, हे नियम पाळा आणि घरच्या जेवणाचा खर्च निम्मा करा,’ असं त्यात म्हटलंय. नियम थोडक्यात असे: सगळं सामान मोठ्यात मोठ्या पाकिटात घ्या; चौघांच्या कृतीला माणसांच्या हिशेबाने गुणा; सुट्टीच्या दिवशी आठवडाभराचा स्वयंपाक उरका; तो रात्रभर ओट्यावर गार होऊ द्या आणि मगच फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर फ्रीज बिघडतो; गोठवलेल्या आणि डबाबंद मालाला हात लावू नका; महिन्याचा मेनू भिंतीवर लावा आणि त्यात बदल करू नका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण यातला एक नियम धोक्याचा आहे, दोन महागात पडणारे आहेत आणि उरलेले अर्धवट खरे.

आधी ‘निम्मा’ हा शब्द बघू. निम्मा म्हणजे कशाच्या निम्मा? रोज बाहेरून मागवणाऱ्या घराने स्वयंपाक सुरू केला तर खर्च निम्म्याच्याही खाली येईल, त्यासाठी सहा नियम कशाला हवेत? जे घर आधीपासूनच घरी शिजवतं, त्याचा खर्च मुख्यतः कच्च्या मालाचा असतो आणि पोटं तेवढीच राहणार. तिथे वाचवण्याजोगं उरतं ते एवढंच: जे विकत घेतलं पण कुणाच्या पोटात गेलं नाही, आणि जे त्याच कामाच्या स्वस्त वस्तूऐवजी सवयीने महाग घेतलं. मेसेजमध्ये हे दोन्ही नाही. त्याचा सगळा भर खरेदीवर आहे.

आता मोठ्या पाकिटांचं. ‘घाऊक ते स्वस्त’ हे बहुतेक वेळा खरं असतं, नेहमी नसतं. कधीकधी मोठ्या पाकिटाचा किलोचा दर छोट्यापेक्षा जास्त निघतो, म्हणून किमतीला वजनाने भागून बघावं. तो दर खरंच कमी असला, तरी पुढे आणखी एक हिशेब आहे. सवलत जेवढे टक्के, तेवढेच टक्के माल वाया गेला की फायदा शून्य. माल 20 टक्के स्वस्त मिळाला आणि त्यातला 25 टक्के फेकावा लागला, तर खाल्लेला माल छोट्या पाकिटापेक्षा जवळपास 7 टक्के महाग पडतो. हे कागदावर पटकन कळतं, पण फडताळात मागे सरकलेल्या डब्याच्या बाबतीत कुणी मांडत नाही.

वाया जाणं ही किरकोळ बाब नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 1.05 अब्ज टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. माणशी वर्षाला 79 किलो. यात साली, हाडं असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत आणि आकडा जगाच्या सरासरीचा आहे, तुमच्या घराचा नव्हे. तरी गंमत म्हणून नऊने गुणलं तर 711 किलो होतात. यातला एक छोटा वाटा जरी वाचवला, तरी पाकिटावरच्या सवलतीची उणीव भासणार नाही.

मग मोठ्या प्रमाणात काय घ्यावं? जे कोरडं आहे, टिकतं आणि तुमच्या घरात हमखास संपतं ते. पांढरा तांदूळ कोरड्या, बंद डब्यात वर्षानुवर्षं राहतो. ब्राऊन राइसचं तसं नाही. त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते काही महिन्यांत खवट होतं. अख्ख्या धान्याच्या पिठालाही हेच लागू. कडधान्यं ‘कधीच खराब होत नाहीत’ असं आपण धरून चालतो, पण उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने पडलेले दाणे गोटा होतात. कितीही भिजवा, शिजायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेतात आणि तरी मधे टणक राहतात. मी हे एकदा मोठं पोतं आणून अनुभवलंय. धान्यात वाचवलं ते गॅसवर गेलं.

बटाटे-कांद्यांचं एका वाक्यात: दोन्ही पोत्याने आणायचे असतील तर वेगवेगळे, अंधारात आणि हवेशीर ठेवा, एकत्र ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

गुणाकाराचा नियम करून बघितल्याशिवाय चूक वाटत नाही. चौघांच्या कृतीत अमुक पाणी, तर बारा जणांना तिप्पट. भात घ्या. तांदूळ जे पाणी शोषतो ते तांदळाच्या प्रमाणात वाढतं, हे बरोबर. पण वाफ होऊन उडून जाणारं पाणी भांड्याचं तोंड किती रुंद आहे, झाकण किती घट्ट बसतं आणि किती वेळ शिजतंय यावर ठरतं, तांदळावर नाही. सगळंच तिप्पट केलं की तळाशी लगदा तयार होतो. उलट कांदा परतायचा असेल तर एकाच पातेल्यात तिप्पट कांदा घातल्यावर तो आपल्याच पाण्यात वाफवतो, लाल होतच नाही. तिथे दोन घाणे किंवा रुंद भांडं हाच उपाय. आणि माणसं तरी कुठे सारखी असतात? तीन वर्षांचं मूल, वाढत्या वयाचा मुलगा आणि ऐंशीच्या आजी यांना एकेक ‘माणूस’ धरलं की अन्न उरतं नाहीतर अपुरं पडतं. डोकी मोजण्यापेक्षा आठवडाभर रोज काय आणि किती उरलं एवढं लिहून ठेवलं, तर पुढच्या आठवड्याचं माप त्यातूनच मिळतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. एका दिवसात आठवड्याचा स्वयंपाक, आणि रात्रभर ओट्यावर गार करणं.

साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंड जागी गेलं पाहिजे, हा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेपासून सगळे देतात. लहान पातेल्यात हे फारसं अवघड नसतं, मोठ्या पातेल्यात असतं, कारण लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली की आतलं अन्न आठपट होतं आणि उष्णता बाहेर पडायला पृष्ठभाग मिळतो फक्त चौपट. त्यामुळे मोठं भांडं ओट्यावर तासन्‌तास मधोमध कोमट राहतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूला हेच हवं असतं. त्याचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत. अन्न सावकाश निवायला लागलं की ते रुजतात. मोठ्या पंगतीनंतर पोटं बिघडण्यामागे हा अनेकदा असतो.

‘सकाळी परत उकळलं की झालं’ हे उत्तर मला हमखास मिळतं. भाताच्या बाबतीत तर ते साफ चुकीचं आहे. बॅसिलस सेरियस हा जिवाणू उबदार भातात वाढताना जे उलटीचं विष सोडतो, ते घरगुती आचेवर नष्ट होत नाही. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मरतील, विष तसंच राहील. म्हणूनच ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेचा सल्ला कडक आहे: भात तासाभरात थंड करा आणि फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांत संपवा.

फ्रीज बिघडण्याच्या भीतीत थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. दहा लिटरचं वाफाळतं पातेलं आत ढकललं तर शेजारचं दूध आणि भाजी गरम होईल. पण त्यावर रात्रभर वाट बघणं हा उपाय नव्हे. अन्न पसरट डब्यांत साधारण 5 सेंटीमीटर उंचीपर्यंत वाटून घ्या, पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळा, वाफ ओसरली की डबे आत. आमच्याकडे याला अर्धा तास लागतो.

आणि फ्रीजमध्ये तरी आठवडा कुठे निघतो? अमेरिकेतल्या सरकारी सूचना शिजवलेल्या अन्नाला तीन ते चार दिवस देतात, ब्रिटनमधल्या त्याहूनही कमी. रविवारचं जेवण शनिवारी वाढायचं तर ते फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर असायला हवं. नऊ माणसांचं आठवड्याचं जेवण मावेल एवढा फ्रीझर किती घरांत असतो? मेसेज लिहिणाऱ्याच्या घरी बहुधा असावा.

सुट्टीच्या कामातली मला पटलेली गोष्ट वेगळी आहे. पूर्ण पदार्थ करू नयेत, त्यांचा पाया तयार करावा. एक किलो कोरडं कडधान्य भिजवून शिजवलं की सुमारे अडीच किलो होतं. ते एकेका जेवणापुरतं वाटून गोठवलं की आठवड्यात त्यातून सूप, भाजी, भात, सॅलड काहीही होतं. एक सावधगिरी मात्र पाळा. राजमा भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळायलाच हवा. कच्च्या राजम्यात असलेलं विष नष्ट व्हायला दहा मिनिटांची उकळी पुरते, पण सुरक्षिततेसाठी अमेरिकी अन्न व औषध प्रशासन तीस मिनिटं सांगतं. नुसत्या स्लो कुकरच्या मंद आचेवर रात्रभर ठेवलेला राजमा मऊ दिसतो, पण त्यातलं विष गेलेलं नसतं.

गोठवलेल्या भाजीवरचा राग मला कधी कळला नाही. वाटाणा तोडल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे त्यातली जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात. उलट ‘ताजा’ म्हणून आणलेला पालक चार दिवस फ्रीजमध्ये पडला की त्यातलं क जीवनसत्त्व बरंच घटतं. डबाबंद कडधान्यात मीठ जास्त असतं हे खरं; निथळून, पाण्याखाली धुऊन घेतलं की त्यातलं बरंच निघून जातं. मुद्दा दराचा असेल तर ज्या दिवशी जे स्वस्त ते घ्यावं. नऊ जणांसाठी वाटाणे सोलत बसणाऱ्याच्या दोन तासांचंही मोल असतं, हे धरून.

यावरून शेवटच्या नियमाकडे येतो. भिंतीवर लावलेला, न बदलणारा महिन्याचा मेनू. बाजारात कोणती भाजी स्वस्त येणार हे महिनाभर आधी कुणाला कळतं? नेमकी महागलेली भाजी ‘मेनूत आहे’ म्हणून आणायची, आणि ढिगाने आलेली सोडून द्यायची, याला काटकसर म्हणत नाहीत. मोठ्या घरात माणसांचंही ठरलेलं नसतं. एकाला उशीर होतो, दोघं बाहेर जेवून येतात, कुणाचं पोट बरं नसतं. आम्ही पदार्थ ठरवणं सोडून दिलंय, फक्त साचा ठरवतो: दोन दिवस कडधान्य, एक दिवस अंडी, दोन दिवस जी भाजी स्वस्त ती, एक दिवस फ्रीझरमधलं. नेमकं काय करायचं ते खरेदी करून आल्यावर ठरतं, आणि ज्याची स्वयंपाकाची पाळी तो ठरवतो. मेसेजमध्ये सगळे नियम ‘गृहिणीने’ पाळायचे आहेत. बाकीच्या आठांनी काय करायचं याबद्दल त्यात अक्षर नाही. आमच्याकडे बाराव्या वर्षापासून पुढे सगळ्यांची पाळी येते, आणि भांडणांसकट ती चालते.

आठवड्याचा सातवा दिवस मोकळा. खरेदीच्या आदल्या संध्याकाळी फ्रीजमधले सगळे उरलेले डबे टेबलावर येतात. तीन दिवसांहून जुनं असेल ते बाजूला काढतो, बाकीचं गरम करतो आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. मागच्या आठवड्यात सहा अर्धे डबे निघाले आणि बटाट्याच्या शेवटच्या डब्यावरून आजी आणि धाकट्या नातवाची जुंपली.