रिकाम्या बटणांची गाडी

डॅशबोर्डवर ती मुकी बटणं कशासाठी ठेवतात, एकदा कुणीतरी सांगाच. स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर, ओळीने काळी झाकणं. दाबली जात नाहीत, काही होत नाही. फक्त रोज टोमणा मारतात, की बाबा रे, तू खालचं मॉडेल घेतलंयस.

जास्त माल, जास्त पैसे, याला ना नाही. पण मागच्या काचेला वायपर हवा (कोकणातल्या पावसात ही चैन आहे का?) तर सनरूफही गळ्यात घ्या, आणि वर लाख-दीड लाख मोजा! शोरूममधला पोरगा शांतपणे म्हणतो, "सर, वायरिंग आत आहेच, पण बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटीचं बघा." म्हणजे वायरचे पैसे मी द्यायचे आणि हातही लावायचा नाही?

खोड जुनीच आहे म्हणा. १९९१ साली इंटेलने ४८६एसएक्स ही कॉम्प्युटरची चिप आणली, तेव्हा सुरुवातीच्या चिपांमधला गणिती भाग आत असूनही बंद करून ठेवला होता. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटला महिन्याचं भाडं लावलं, तेही हीटर सीटमध्ये आधीच बसवलेला असताना. लोक असे भडकले, की पुढच्या वर्षी कंपनीने ते गुंडाळलं. स्वस्त बनवून स्वस्त विका, कोण नको म्हणतंय? बनवलेलं मुद्दाम पांगळं करून विकता, तिथे डोकं फिरतं.

पुढची गाडी सेकंडहँड घेईन, पण टॉप मॉडेलच.