उतारा कमी आला

मराठवाड्यात ‘उतारा’ हा शब्द जपून वापरावा. तलाठ्याकडे मागितला तर सातबारा मिळतो. कारखान्याच्या गेटवर विचारला तर उसाच्या रिकव्हरीचा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याचा, आकडा मिळतो. आजीपुढे काढला तर ती उठून मीठ-मोहऱ्या शोधायला लागते. आणि रविवारी सकाळी डोकं धरून बसलेल्या माणसाला त्याचा चौथा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझं रडगाणं दुसऱ्या अर्थाचं आहे. फक्त त्यात ऊस नाही, जव आहे.

मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडायचं, बेताच्या गरम पाण्यात तासभर मुरवायचं, गोड पाणी गाळायचं आणि आटवून त्याची काकवी करायची, एवढाच हा उद्योग. गोड पाणी गाळेपर्यंत वाळूज-चिकलठाण्याचे बिअरचे कारखाने आणि आमचं स्वयंपाकघर एकाच वाटेनं चालतात. पुढे ते यीस्ट घालतात. आम्ही घालत नाही, कारण महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आमच्या गॅसच्या शेगडीलाही लागू आहे.

आता हिशेब. ५ किलो चांगल्या माल्टमध्ये ८० टक्के, म्हणजे ४ किलो, विरघळून येण्यासारखा ऐवज असतो. पाणी घातलं २७ लिटर. किलोमागे एक लिटर या दरानं चोथा ५ लिटर पिऊन बसतो, आपल्या हाती २२ लिटर. ते १४ ब्रिक्स, म्हणजे वजनात १४ टक्के गोडवा, भरलं तर सव्वातीन किलो गोडवा उतरला, म्हणजे ८१ टक्के. घरच्या भांड्यांना याहून जास्त मागणं हावरटपणा आहे. पण भरतं ११. म्हणजे उतारा ६३ टक्के, आणि दीड किलो ऐवज बेपत्ता.

अशा वेळी माणूस आधी माल्टवाल्याला शिव्या घालतो. थांबा. पहिला संशयित आपल्या हातात असतो. काचेचं ते तरंगतं हायड्रोमीटर साधारणपणे २० अंशांना बेतलेलं असतं. ६० अंशांच्या वाफाळत्या पाण्यात ते सोडलं की १४ ब्रिक्सचे दहा-साडेदहा दिसतात. चोरी झालेलीच नसते आणि आपण फिर्याद लिहून मोकळे! नमुना वाटीत काढून, झाकून, गार करून मोजायचा. शिवारात उसाची पक्वता बघायचं हॅन्ड रिफ्रॅक्टोमीटर मागून आणलं तर एक थेंब पुरतो, पण त्याचा शून्य जारच्या पाण्यावर लावायचा, बोअरच्या नव्हे. आणि मोजण्याआधी भगोनं तळापासून ढवळायचं. पहिलं दाट पाणी खाली बसतं, नंतरचं पातळ वर तरंगतं. वरवर चमचा बुडवला की उतारा पडतो, तळाच्या तोटीतून घेतला की चढतो. दोन्ही आकडे खोटे.

मीटर निर्दोष सुटलं की गिरणीकडे जायचं, आणि खरा गुन्हेगार बहुतेक वेळा तिथेच सापडतो. माल्टचं पीठ नको, भरड हवी. दाणा तीन-चार तुकड्यांत फुटावा आणि साल मात्र अख्खी राहावी, कारण पुढे तीच साल गाळणी होते. हे गिरणीवाल्याला सांगून बघा. तो मान हलवतो, कारण आयुष्यभर तो ‘बारीक’ आणि ‘अजून बारीक’ या दोनच मागण्या ऐकत आलेला आहे. मग पीठ मिळतं. ते पाण्यात पडलं की पिठलं होतं आणि तोटीतून थेंब येत नाही. घाबरून पुढच्या वेळी ‘जाड काढा’ म्हटलं की अख्खे दाणे परत येतात, वर आधीच्या गिऱ्हाइकाच्या बाजरीचं पीठ फुकट. अख्ख्या दाण्यात पाणी शिरत नाही. तो तासभर गरम पाण्यात बसून जसा गेला तसाच बाहेर येतो, लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यासारखा.

यावर इलाज डाळ भरडायच्या जात्याचा, नाहीतर दोन रुळांच्या हातचक्कीचा. रुळांमधली फट साधारण १ मिलिमीटर. भरडण्याआधी ५ किलोला १०० मिलिलिटर पाण्याचा हबका मारून, हातानं चोळून दहा मिनिटं ठेवायचं. साल चिवट होते आणि फाटत नाही. मग मूठभर भरड ताटात पसरून बघायची. अख्खे दाणे बोटांनी वेचता येण्याइतके दिसले तर फट थोडी आवळून पुन्हा एकदा.

मुरवायचं पाणी १५ लिटर आणि मिश्रणाचं तापमान हवं ६६ अंश. इथे आपला मे आणि आपला डिसेंबर एकमेकांना ओळखत नाहीत. मे महिन्यात डब्यातलं माल्टच ३८ अंशांवर असतं, तेव्हा पाणी ७० चं पुरतं. डिसेंबरात ते २० वर येतं, मग पाणी ७२ चं लागतं, आणि भगोनं गार असेल तर अजून एखादा अंश. ७० च्या वर फार रेंगाळलं तर स्टार्चची साखर करणाऱ्या माल्टच्या दोन विकरांपैकी (एन्झाइम) एक लवकर मरतं, ८० ला दुसरंही आटोपतं. भरड एकदम ओतायची नाही, पिठल्यासारखी वैरायची. गुठळी झाली की तिच्या पोटात कोरडं पीठ राहतं. वर झाकण, झाकणावर वाकळ, आणि सारखं उघडून बघायचं नाही.

तासाभरानं पांढऱ्या बशीत चमचाभर पाणी गार करून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं. थेंबात सालीचा कण असला तर तो काळा होणारच, त्याला घाबरायचं नाही. बशीतलं मात्र फेकून द्यायचं, परत भगोन्यात नाही.

ज्वारी घालायचा मोह आपल्याकडे होणारच. तिचा स्टार्च ६६ अंशांना नीट फुलत नाही, म्हणून १ किलो ज्वारीच्या कण्या आधी मऊ शिजवून, ६६ वर आणून, मग ४ किलो माल्टमध्ये मिसळायच्या. ज्वारीला घरी मोड आणू नयेत. ज्या विषामुळे कोवळ्या ज्वारीत जनावर सोडत नाहीत, ते मोडांतही असतं.

एवढं करूनही उतारा रुसलेला असेल तर पाणी. ज्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, त्यात माल्टचे विकरही मन लावून काम करत नाहीत. त्यांना सामू (पीएच) ५.२ ते ५.६ लागतो आणि आपलं जड पाणी तो सहाकडे ओढतं. पाणी आदल्या रात्री उकळून ठेवलं तर निम्मा रोग पांढरा थर होऊन तळाला बसतो. वरचं निवळ घ्यायचं किंवा अर्धं जारचं पाणी मिसळायचं. तरी सामू चढाच असेल तर लिंबूसत्त्व दोन-दोन ग्रॅमनं घालायचं, दर वेळी ढवळून, पाच मिनिटं थांबून, गार नमुन्यावर पट्टी लावायची. आजीचं ‘दृष्ट लागली, लिंबू उतरव’ हे निदान शास्त्राला सोडून नाही. फक्त ते लिंबू चौकात न टाकता भगोन्यात पिळायचं.

राहिलं धुणं. दाट पाणी काढून घेतल्यावर ६-६ लिटर गरम पाण्यानं चोथा दोनदा धुवायचा. हे पाणी ७६-७७ अंशांचं, त्याहून गरम असलं की सालीचा तुरटपणा उतरतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथे चोथा धुवायला १२ लिटर मागताना घरच्यांच्या नजरेला नजर देऊ नये. तोटी पूर्ण उघडायची घाई केली की पाणी एका बाजूनं वाट काढून सटकतं, बाकीचा चोथा कोरडाच राहतो आणि त्यातली साखर तिथेच. करंगळीएवढी धार पुरे, मध्येमध्ये चोथा हलकेच उलथायचा.

शेवटी चोथ्याची चिमूट तोंडात टाकायची. गोड लागला तर धुण्यात चूक, पिठूळ लागला तर भरडण्यात किंवा मुरवण्यात. पांचट आणि भुशासारखा लागला तर उतारा चांगला आहे, मीटर पुन्हा तपासा. मग त्याच दिवशी, आंबायच्या आत, चोथा शेजारच्या गोठ्यात पोचवायचा. तिथल्या म्हशीला ६३ टक्क्यांचा आवडतो. ८१ टक्क्यांचा नेला की ती तोंड फिरवते.