युरोपातल्या माणसाला रजा हक्काची असते, सहलीचे पैसे नसतात

‘तिकडची माणसं दरवर्षी फिरायला जातात’ हे आपण इतकं धरून चाललोय की त्यावर कोणी आकडा विचारत नाही. आकडा दरवर्षी निघतो. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या पाहणीनुसार संघातल्या १६ वर्षांवरच्या २७ टक्के लोकांना वर्षातून एक आठवडा घराबाहेर सुट्टी काढणं परवडत नाही. रुमानियात हे प्रमाण ५८.६ टक्के, ग्रीसमध्ये ४६, बल्गेरियात ४१.४. दुसऱ्या टोकाला नेदरलँड्स १३, स्वीडन ११.६ आणि लक्झेंबर्ग ८.९.

यातला प्रश्न नेमका काय असतो ते बघा. ‘गेलात का’ असं विचारत नाहीत, ‘जायचं ठरवलं तर परवडेल का’ असं विचारतात. आणि नातेवाइकांकडे किंवा गावच्या घरी राहिलात तरी तो आठवडा धरला जातो, म्हणजे मामाच्या गावाला जाणंही त्यात बसतं. एवढी सूट देऊनही चारातल्या एकापेक्षा जास्त माणसं ‘नाही’ म्हणतात. ही लाडाकोडाची तक्रार नव्हे, सरळ सरळ तंगी आहे.

रजेचा प्रश्न तिथे बऱ्यापैकी सुटलाय. युरोपीय संघाच्या २००३च्या कामाच्या वेळेच्या निर्देशानुसार (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापले कायदे करून पाळायचा नियम) प्रत्येक नोकरदाराला वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा मिळते. आपल्याकडे रजा विकून पैसे घ्यायची पद्धत आहे. तिथे नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे मिळतात, एरवी ही चार आठवड्यांची रजा विकता येत नाही. ती घ्यायचीच.

अडतं ते पैशांपाशी, त्यातही एकरकमी पैशांपाशी. नेदरलँड्समध्ये वार्षिक पगाराच्या ८ टक्के रक्कम सुट्टीभत्ता म्हणून बाजूला पडते आणि बहुतेकांना मे किंवा जूनमध्ये एकदम हातात येते. हिशेब करून बघा: जुलै २०२५चं किमान वेतन तासाला १४.४० युरो. आठवड्याला ३८ तास धरले तर वर्षाचे साधारण २८,४५० युरो झाले आणि भत्ता सुमारे २,२७५, करापूर्वी. कर कापल्यावरही चौघांच्या कुटुंबाचा तंबूतला आठवडा त्यातून निघतो. ऑस्ट्रियात बारा महिन्यांच्या पगाराशिवाय तेरावा आणि चौदावा पगार असतो, त्यावर कर फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. बेल्जियममध्येही वेगळे सुट्टीचे पैसे मिळतात.

पण नुसती पद्धत असून भागत नाही. ग्रीसमध्ये खासगी नोकरदाराला अर्ध्या महिन्याच्या पगाराइतका सुट्टीभत्ता आहे, पण मूळ पगारच तुटपुंजा. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांचे तर नाताळ, ईस्टर आणि सुट्टी असे तिन्ही भत्ते कर्जसंकटात गेले. बल्गेरियात २०२५मध्ये किमान वेतन महिन्याला ५५१ युरोच्या आसपास होतं. बार्सिलोनाच्या विमानातली सीट मात्र बल्गेरियन पगार बघून स्वस्त होत नाही.

ग्रीसचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. जगभरातली माणसं जिथे येतात, तिथल्याच लोकांना आपली बेटं परवडत नाहीत. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सिक्लाडीस बेटांकडे साध्या बोटीचं डेकवरचं तिकीट माणशी चाळीस युरोच्या पुढे जातं, गाडी न्यायची तर त्याच्या जवळपास दुप्पट. लहान मुलांना सवलत आहे, तरी चौघांचा आणि गाडीचा जाऊन-येऊन खर्च खोलीचं भाडं मोजायच्या आधीच काही शेकड्यांत जातो. ऑगस्टमध्ये त्याच खोलीसाठी जर्मन आणि ब्रिटिश पाहुणे रांगेत असतात, आणि भाव त्यांच्या खिशाकडे बघून ठरतो.

शाळकरी मुलं असलेल्या घरांची कोंडी वेगळी. सुट्टीच्या तारखा सरकार ठरवतं आणि भाव त्या तारखांवर चढतो. नेदरलँड्सने देशाचे तीन भाग करून तारखा पुढेमागे ठेवल्यात, जर्मनीत राज्याराज्यांच्या तारखा वेगळ्या, त्यामुळे गर्दी थोडी विभागली जाते. इटलीत ऑगस्टच्या मध्याला सगळा देश एकदम किनाऱ्यावर असतो. तिथे दोन खाटा आणि एक छत्री भाड्याने घ्यायची तर दिवसाला तीस युरोच्या आसपास. ज्यांना ते जमत नाही ते सकाळी लवकर जाऊन फुकट किनाऱ्याचा तुकडा धरतात, आणि तोही बऱ्याच ठिकाणी निमुळता होत चाललाय.

स्वस्तात जायचं गणित बहुधा जानेवारीत फसतं. लवकर बुकिंगची सवलत तेव्हा असते, पण एकूण रकमेच्या २०-३० टक्के आगाऊ भरावे लागतात आणि उरलेले निघण्याच्या महिना-दीड महिना आधी. नाताळचा खर्च आणि हीटिंगचं बिल एकत्र आलेल्या घरात जानेवारीला शिल्लक नसते. मग मेमध्ये भत्ता येतो तोवर स्वस्त जागा संपलेल्या असतात. विमान, हॉटेल, गाडी वेगवेगळ्या साइटवरून जोडून घेतली तर शंभर-दोनशे युरो वाचतातही, पण कंपनी बुडाली तर पॅकेजला मिळणारं कायद्याचं संरक्षण नसतं. स्वस्त तिकिटात पायाजवळ मावेल एवढीच पिशवी धरलेली असते. मुलांचे कपडे त्यात मावत नाहीत, आणि विमानतळावर बॅगेचे पैसे भरताना तिकिटाची सगळी बचत जाते.

म्हणून मला फ्रान्सची पद्धत जास्त पटते. १९३६मध्ये पंतप्रधान लेओं ब्लूमच्या सरकारने दोन आठवडे पगारी रजा दिली, आणि सोबत रेल्वेचं सवलतीचं तिकीटही. रजा दिली तर जायची सोयही द्यायची, हे तेव्हाच ओळखलं होतं. १९८२मध्ये पाचवा आठवडा आला आणि त्याच वर्षी ‘शेक-व्हाकान्स’ म्हणजे सुट्टीचे चेक आले: कामगार थोडे थोडे पैसे टाकतो, मालक भर घालतो, आणि ते चेक हॉटेल, कॅम्पिंग, रेल्वेला चालतात. जानेवारीतल्या आगाऊ रकमेवर यापेक्षा चांगला इलाज मला दिसत नाही. स्पेनने १९८५पासून निवृत्तांना हंगाम नसताना स्वस्तात नेण्याची योजना चालवली आहे. हॉटेलं हिवाळ्यात उघडी राहतात, तिथल्या कामगारांची नोकरीही टिकते. यावरचा सरकारी खर्च वाया जातो असं म्हणणाऱ्यांनी हा दुसरा भाग मोजावा.

या सगळ्यातून वगळले जातात ते सायकलवर जेवण पोचवणारे आणि कागदोपत्री ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असलेले कामगार. यात शिकायला गेलेली आपली मुलंही आहेत. त्यांना ना पगारी रजा, ना भत्ता. संघाच्या २०२४च्या प्लॅटफॉर्म कामाच्या, म्हणजे ॲपवरून मिळणाऱ्या कामाच्या, निर्देशाने अशांना नोकरदार मानण्याची वाट मोकळी केली आहे आणि सदस्य देशांना कायदे करायला २ डिसेंबर २०२६पर्यंत मुदत आहे. तिथे असाल तर कामाचे तास, ॲपवरच्या पाळ्यांचे स्क्रीनशॉट आणि जमा झालेले पैसे आजपासून महिन्याच्या महिन्याला जपून ठेवा. उद्या नोकरी सिद्ध करायची वेळ आली तर हेच कागद लागतील.